भिंतीतली पानं

आमच्या खाडीकाठच्या गावात अरबी अक्षरं असलेला कागद रस्त्यात पडलेला दिसला की मुसलमान माणूस वाकून तो उचलतो, डोळ्यांना लावतो आणि जवळच्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवतो. कागद कसला आहे हे कुणी बघत नाही. अरबी म्हणजे कुराण, एवढंच आम्हाला ठाऊक. मशिदीच्या ओटीवर बसून आम्ही सगळे ती अक्षरं वाचायला शिकलो आणि खडाखडा वाचायचो. अर्थाच्या नावाने मात्र बोंब. फाटकी, वाळवी लागलेली पानं पायाखाली येऊ नयेत म्हणून भिंतीच्या कोनाड्यात ठेवून वर गिलावा मारायचा, नाहीतर स्वच्छ कापडात गुंडाळून पुरायची, ही आमची रीत. आमच्या पडवीच्या भिंतीत अशी किती पानं असतील कोण जाणे.

तेलाचा पैसा नुकता वाहू लागला होता तेव्हा आमच्या भागातली माणसं टोळ्याटोळ्यांनी सौदीला गेली. मी सुतार. माझ्या टोळीचे म्होरके आमचे मिस्त्री, माझ्याच मोहल्ल्यातले, वडिलांच्या वयाचे, हाडाचे गवंडी. जेद्दाला उतरलो आणि बघतो तर टोमॅटोच्या खोक्यावर अरबी, दुधाच्या डब्यावर अरबी, कचऱ्याच्या पिंपावर अरबी. मिस्त्री पहिल्याच दिवशी वाकले. बिस्किटाच्या पुड्याचा कागद उचलला, फुंकर मारली, डोळ्यांना लावला आणि खोचायला भिंत शोधू लागले.

"चाचा, बिस्किटाचा कागद आहे तो," मी म्हणालो.

"असंल. पन हरफ तेच हायत ना?"

आता ह्या माणसापुढे डोकं फोडायचं का? कॅम्पात त्यांनी खाटेच्या उशाला खिळ्यावर एक कापडी पिशवी टांगली आणि तिच्यात रस्त्यावरचे कागद साठवू लागले. पोरं हसायची. चहाच्या पाकिटावरची ओळ कुणीतरी सूर लावून, थेट कुराणाची तिलावत केल्यासारखी वाचायचा आणि मिस्त्री तेवढ्यापुरते रागवायचे. मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर होतो. ती पिशवी फुगत चाललेली मला रोज दिसायची.

कंपनीला मक्केचं काम मिळालं तेव्हा आमची टोळी तिकडे पाठवली. आमचा इंजिनियर पुण्याचा होता. मुसलमान नसल्याने त्याला मक्केत मज्जाव, तेव्हा तो जेद्दात बसून नकाशे पाठवायचा आणि आम्ही तोडायचो. हो, तोडायचो. हरमच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या मोठ्या मशिदीच्या, आसपासची जुनी घरं पाडून रस्ते आणि हॉटेलं व्हायची होती. मिस्त्रींना हे काम पसंत नव्हतं. "बांधनाऱ्याच्या हाताला तोडाया लावतात," म्हणायचे. पण मक्केत राहायला मिळतंय याचा आनंद त्याहून मोठा होता. त्यांनी लगेच बाजारातून दोन कफनं आणली, एक स्वतःचं आणि एक गावी राहिलेल्या बायकोचं, आमच्या चाचीचं. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. दोन्ही झमझमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवून आणली आणि खोलीतल्या तारेवर वाळत घातली, थेट माझ्या डोक्यावर. मी खाली बसून मसुरीची आमटी-भात खातोय आणि वरून कफन ठिबकतंय. मी चिडून बोललो, तर मिस्त्री म्हणाले, "नशीब समज रे. असं पानी कुणाच्या ताटात पडतं?"

वाळल्यावर त्यांनी ती घडी करून पेटीत ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी उघडून दाखवायचे. कुणी लेकीचे दागिने दाखवतात, तसं.

आमच्या वाट्याला आलेल्या घरांत एक रिबात होती. आपल्याकडे मठ म्हणतात त्यातलाच प्रकार. दूरदेशाहून आलेल्या फकिरांनी, निराधार हाजींनी फुकट राहावं, अल्लाचं नाव घ्यावं म्हणून जुन्या काळी कुणीतरी बांधून दिलेलं घर. काळ्या दगडाचे तीन मजले, रस्त्यावर झुकलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या. तिथे आता फक्त चार-पाच विधवा म्हाताऱ्या राहत होत्या, प्रत्येकीची बोली वेगळी. आम्ही पोचलो तोवर त्यांना मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांत हलवलं होतं.

रिबातीचा रखवालदार सत्तरीचा शेख होता. त्याच्या घराण्याकडे ही चाकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. हिंदुस्थानच्या हाजींची सेवा करून करून त्याला हिंदुस्तानी चांगली येत होती. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला खजूर दिले आणि सगळं सांगितलं. सरकारी कचेरीवाले म्हणतात, रिबातीची सनद दाखवा, बदल्यात दुसरं घर देतो. नाही दाखवली तर हज संपला की म्हाताऱ्यांनी आपापली वाट बघावी. सनद होती. तिच्याबरोबर रिबातीचे आणखी फार जुने कागद होते. पण त्याच्या बापाने कुठल्याशा धामधुमीत ते भिंतीत चिणले आणि जागा न सांगताच तो गेला.

"कौन-सी दीवार, हमको मालूम नहीं," शेख म्हणाला. "तुम तोड़ोगे तो निकलेगा. बस, हमको आवाज़ देना."

मिस्त्रींनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. आणि खरं सांगतो, त्यांनी जीव ओतला. एरवी घण घालून भिंत आडवी करणारी आमची टोळी, पण ह्या घरात मिस्त्री कुणाला घण लावू देईनात. आधी स्वतः हातोडीच्या दांड्याने प्रत्येक भिंत ठोकून आवाज ऐकायचे. पोकळ वाटली की टाकीने हळूहळू गिलावा उकलायचे. शेख खाली रिकाम्या डब्यावर बसून वर बघत असायचा. फोरमन "यल्ला, यल्ला" करून घसा कोरडा करायचा.

म्हाताऱ्यांतली एक हैदराबादची होती. फार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर हजला आली, नवरा इथेच गेला, तीही इथेच राहिली. रोज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर ती काठी टेकत ढिगाऱ्याशी यायची, जिथे तिची खोली होती तिथे वर, रिकाम्या हवेत बघायची आणि मला विचारायची, "मिले क्या बाबा, हमारे कागदां?"

मी नाही म्हणायचो. ती मान हलवायची आणि तशीच उभी राहायची. तिची खोली आता राहिली नव्हती, फक्त शेजारच्या घराच्या भिंतीवर दिव्याच्या काजळीचा एक काळा पट्टा उरला होता. तिची नजर त्या पट्ट्यावर असायची. तो प्रश्न ऐकायला नको म्हणून मी असरच्या वेळी दुसऱ्या बाजूचं काम काढू लागलो.

अशात एका दुपारी मिस्त्री गेले. जेवून सावलीत कलंडले होते. उठवायला गेलो तर उठले नाहीत. डॉक्टर आला, म्हणाला हृदय थांबलं. मक्केत मरण आणि हरममध्ये जनाजा, याहून भाग्य काय, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो.

कफन आणायला मी कॅम्पात धावलो. पेटी उघडली. चाचीचं कफन होतं, पाच कपडे, घडी न मोडलेली. मिस्त्रींचं नव्हतं. पेटी उलटी केली, गादी झटकली, खाटेखाली शिरलो. कुणी चोरेल अशी ती वस्तू नव्हे. तरी मी समोरच्या पोरांवर ओरडलो, एकाची कॉलर धरली. आणि ते पोर रडायला लागलं.

चाचीचं कफन घ्यावं का, असं कुणी म्हणालं. जिवंत बायकोचं कफन काढायला कुणाचा हात धजेना. आम्ही बाजारात माणूस पाठवणार इतक्यात शेख आला. त्याच्या हातात कोऱ्या कापडाची घडी होती.

"रिबात के पास परदेसी मरे तो कफ़न रिबात देता है," तो म्हणाला. "हमारा बाप देता था, दादा देता था. पूछो मत क्यों. देते हैं."

रिबात तेव्हा अर्धी पडली होती. घर म्हणून काही राहिलं नव्हतं आणि हा माणूस त्याची रीत सांभाळत होता. आम्ही मिस्त्रींना त्या कापडात गुंडाळलं.

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. शेजारची खाट रिकामी. एसीचं वारं लागलं की खिळ्यावरची पिशवी हलायची आणि आतले कागद कुरकुरायचे. पोरं म्हणाली, फेकून दे. हात लावायची हिंमत कुणाचीच नव्हती, माझीही नाही. रिबातीची शेवटची भिंत पडली. कागद निघाले नाहीत. शेखने ढिगारा उचलणाऱ्या ट्रकांपुढे उभं राहून मूठमूठ माती चाळली. हैदराबादी म्हातारी यायची आणि आता काही विचारायचीही नाही. ते न विचारणं जास्त वाईट होतं.

त्याच सुमारास कॅम्पात पाणी उशिरा येऊ लागलं. टँकरवाला पठाण होता, मिस्त्रींचा दोस्त. सरळ रस्ता सोडून डोंगराला वळसा घालून यायचा. पोरांनी शिव्या घातल्या, तरी बधेना. शेवटी मी त्याला बाजूला घेतलं. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "उस रास्ते से हम नहीं जाएगा. उधर बच्चे का रोने का आवाज़ आता है."

"कसला बच्चा?" मी मराठीतच ओरडलो.

"तुम्हारा मिस्त्री ने उधर बच्चा गाड़ा है. हमारे टँकर में लेके गया. सफ़ेद कपड़ा में, दो हाथ पर. मिट्टी डालता था और रोता था. हम पूछा, तो बोला किसी को बोलना मत."

हजला आलेल्या बायका रस्त्याकडेला बाळंत होतात, मुलं दगावतात, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नसलेली माणसं पोलिसाच्या भीतीने लपवाछपवी करतात, हे सगळं आम्ही ऐकून होतो. पण मिस्त्री? ज्या माणसाने बिस्किटाचा कागद पायाखाली येऊ दिला नाही, त्याने कुणाचं मूल गुपचूप मातीत घातलं? का? कुणाचं? आणि सफेद कपडा कुठला, ते विचारायची गरज नव्हती; पेटीत न सापडलेलं कफन. मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं. मी त्यांच्या खाटेकडे पाठ करून निजू लागलो, तर पिशवी कुरकुरायची.

शुक्रवारी असरनंतर मी पठाणाला बळेच टँकरवर बसवून तिथे नेलं. रस्त्यापासून जरा आत, डोंगराच्या पायथ्याशी, पाणी वाहत येणार नाही अशा उंचवट्यावर एक छोटा ढिगारा होता. भोवती दगड नीट बसवलेले. तो हात मी ओळखला. असे सांधे मिस्त्रींचेच. पठाण खालीच थांबला. वारा कपारीतून शिरत होता आणि खरंच बारीक रडण्यासारखा आवाज येत होता. मला पळून जावंसं वाटलं.

मयतासाठी फातिहा वाचायला हात उचलले आणि हात तसेच राहिले. ढिगाऱ्याची दिशा चुकली होती.

मुसलमानाची कबर काब्याला आडवी असते, कुशीवर निजवलेल्या मयताचं तोंड काब्याकडे व्हावं म्हणून. हा ढिगारा काब्याच्या दिशेने सरळ उभा होता. आमच्या गावच्या मशिदीतला, काब्याची दिशा दाखवणारा मेहराब मिस्त्रींनी बांधला होता. कबरीची दिशा झोपेतसुद्धा त्यांच्याकडून चुकली नसती. मग आत माणूस नव्हता. माणूस नाही आणि तरी आपलं कफन देऊन, रडत पुरावं असं आत काय असेल? खिळ्यावरची पिशवी माझ्या डोळ्यांपुढे आली.

मिस्त्रींना कागद सापडले होते. कधीचेच. पण सनद म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे तालुक्याच्या कचेरीतला शिक्क्यांचा, तिकिटांचा कागद. मिस्त्रींना भिंतीच्या कोनाड्यात गिलाव्याआड दिसली ती कडा झडलेली जुनी पानं, हाताने लिहिलेली, वर बिस्मिल्ला. कोकणातल्या माणसाला ते दुसरं काय वाटणार? कुणीतरी अदबीने चिणलेलं फाटकं कुराण. ते ट्रकच्या धुळीत कसं सोडायचं? पुण्यकर्म बोलून दाखवलं तर पुण्य उरत नाही, म्हणून कुणाला सांगायचं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा, तितक्याच मायेने, शेखच्या सनदीसाठी भिंती ठोकायच्या! मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. पठाण वर धावत आला. त्याला वाटलं, मला लागीर झालं.

मी शेखला घेऊन आलो. त्याने स्वतःच्या हातांनी दगड काढले. आत मिस्त्रींनी चपट्या दगडांचं छप्पर केलं होतं, पानांवर माती पडू नये म्हणून. खाली पांढरी घडी, जशी तारेवरून काढली होती तशी. शेखने पदर उलगडला, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागला. मग ते सगळं गाठोडं उराशी धरून, लहान मूल धरतात तसं, तो डोंगर उतरला. पठाण टोपी सारखी करून बाजूला झाला.

म्हाताऱ्यांच्या भाड्याच्या खोलीत चटईवर शेखने पानं मांडली. पाचेकशे वर्षांपूर्वीची होती. सनद तर होतीच, तिच्यामागे रिबातीत कोण आलं, कोण राहिलं, कुणी काय दिलं याची पानंच्या पानं. हैदराबादी म्हातारी दाराशी बसून तस्बीहचे मणी ओढत होती. शेख आम्हाला समजावं म्हणून वाचता वाचता हिंदुस्तानीत सांगत होता. घर बांधून देणारा व्यापारी होता, जहाजांचा मालक. त्याच्या गावाच्या नावाशी शेख अडला.

"दाबूल," तो म्हणाला. "यह किधर है? यमन में?"

दाबूल म्हणजे आमचं दाभोळ. आमच्या खाडीच्या मुखावर दाभोळ आहे. आमच्या गावाच्या धक्क्यावरून होडी सोडली की थेट तिथे. मिस्त्री दर बाजाराला तिथून चुना आणायचे.

मी सांगितलं तेव्हा शेखने ते नाव पुन्हा एकदा बोट ठेवून वाचलं. मग पुढच्या अटी वाचू लागला. दिवाबत्ती कशी करावी, पाणी कुणाला द्यावं. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिखा है," तो म्हणाला, "रिबात के पास जो परदेसी मरे, जिसका अपना कफ़न न हो, उसको मेरे माल से कफ़न दो. क़यामत तक दो."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "हमने यह काग़ज़ कभी देखा नहीं. बाप करता था, इसलिए किया."

कचेरीने सनद मानली. हज उलटल्यावर म्हाताऱ्या दुसऱ्या घरात गेल्या, शहरापासून लांब, पण हक्काच्या. हैदराबादी म्हातारी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. मिस्त्रींची पिशवी मी नेऊन त्या डोंगराच्या पायथ्याशी, त्याच दगडी खणात ठेवली आणि वर छप्पर नीट बसवलं. बिस्किटाचे कागद, चहाची पाकिटं. हसायचं तर हसा.

शेखने कफन धुऊन माझ्या हवाली केलं. सुट्टीवर गावी गेलो तेव्हा मी ते आणि चाचीचं, दोन्ही घेऊन गेलो. चाची ओटीवर बसली होती. तिने दोन्ही घड्या मांडीवर घेतल्या, तीन कपडे कुठले आणि पाच कुठले ते बोटांनी मोजलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे त्यांचं हाय," ती म्हणाली. "हे हितं, तर मंग माजा मानूस कशात गेला?"

मी सगळं सांगितलं. भिंत, पानं, डोंगर, शेख. पानं कुराणाची नव्हती हे सांगताना मी अडखळलो, तर तिने हाताने पुढे बोल अशी खूण केली.

"म्हंजे त्यांना कफन दिलान कुनी?" शेवटी तिने विचारलं. "त्या शेखनं?"

"हात शेखचा. देणारा दाभोळचा होता, चाची. फार फार जुना."

खाडीला भरती लागली होती. पलीकडे मुखाकडे तिने एकदा पाहिलं. मग तिने मिस्त्रींचं कफन उचललं, आपल्या कफनाच्या घडीत घातलं आणि वरून हात फिरवला.

"दाभोळचा," ती म्हणाली. "मंग घरच्याच कपड्यात गेला."